ऐन हंगामात किनारी रस्त्याने: वेगाआधी थांबे ठरवा

समुद्राला लगटून जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या दिवसांत गाडी चालवण्यापेक्षा ती थांबवणे अधिक अवघड असते. एका बाजूला खडकाची उभी भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्याखाली पाणी, मध्ये जेमतेम दोन मार्गिका. अशा ठिकाणी बाजूला घ्यायला मोकळी पट्टी नसते आणि चुकून पुढे गेलेल्याला मागे वळायला जागाही नसते. त्यात हंगामाच्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक चालकाला त्याच चार जागी, त्याच दोन-तीन तासांत थांबायचे असते. पुढच्या गाडीतील कोणाला तरी वळणावर अचानक निळे पाणी दिसते, ब्रेकचे दिवे लागतात आणि मागच्या वीस गाड्यांचा हिशेब बिघडतो. म्हणून या लेखात वेगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, भर थांबण्यावर दिला आहे.

आणखी एक गोष्ट आरंभीच मान्य करून टाकावी, म्हणजे पुढची बरीच चिडचिड वाचते. गाडी चालू असताना समुद्र सहप्रवाशांचा असतो. चालकाचा समुद्र गाडी उभी केल्यावर सुरू होतो. ज्याला हे पटत नाही, त्याने किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि खिडकीजवळ बसावे. यात कमीपणा काही नाही.

पायरी १: अंतर विसरा, तास मोजा

नकाशावर १४५ किलोमीटर हा आकडा पाहून मन नकळत द्रुतगती मार्गाचा हिशेब करू लागते. किनारी रस्त्यावर तो हिशेब चालत नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळ असलेला चॅपमन्स पीक ड्राइव्ह हा रस्ता सुमारे ९ किलोमीटरचा आहे आणि त्यावर ११४ वळणे आहेत, म्हणजे सरासरी दर ८० मीटरला एक वळण. इटलीचा अमाल्फी किनाऱ्यावरील रस्ता ५० किलोमीटरच्या आसपास भरतो, पण त्यावरून हंगामात गेलेला कोणीही त्याला तासाभराचा प्रवास म्हणणार नाही.

वेळ काढण्याची माझी पद्धत अशी आहे. थांबे न धरता सरासरी ताशी ४० ते ४५ किलोमीटर वेग गृहीत धरावा, मग तेथील वेगमर्यादा कितीही असो. त्यात प्रत्येक नियोजित थांब्यासाठी २५ मिनिटे आणि शिवाय गाडी लावायला जागा शोधण्याची १० मिनिटे मिळवावीत. कॅलिफोर्नियातील हायवे १ वरचा कार्मेल ते सॅन सिमियन हा बिग सरचा टप्पा साधारण १४५ किलोमीटरचा आहे. ताशी ४५ धरल्यास नुसते चालवायलाच सव्वातीन तास लागतात आणि सहा थांबे धरले की त्यात आणखी साडेतीन तासांची भर पडते. म्हणजे जो प्रवास सकाळी उरकून दुपारी पुढे जाऊ असे वाटत होते, तो पावणेसात तासांचा, अख्ख्या दिवसाचा निघतो. हा आकडा पाहिल्यावर दोनच प्रामाणिक मार्ग उरतात: थांबे कमी करणे किंवा वाटेत एक मुक्काम वाढवणे. वेग वाढवणे हा तिसरा मार्ग नव्हे, कारण पुढे रांग असताना वेग वाढवून मिळते ते फक्त पुढच्या गाडीचे मागचे बंपर.

पायरी २: कोणत्या दिशेने जायचे ते ठरवा

हा निर्णय बहुतेक जण घेतच नाहीत. जेथे मुक्काम असतो तेथून निघतात आणि जी दिशा मिळेल ती स्वीकारतात. वास्तविक दिवसभराचा निम्मा ताण याच एका निर्णयावर अवलंबून असतो.

नियम साधा आहे. ज्या देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तेथे समुद्र डाव्या हाताला राहील अशी दिशा घ्यावी. जेथे ती उजव्या बाजूने चालतात, तेथे समुद्र उजव्या हाताला ठेवावा. असे केल्याने आपण समुद्राकडच्या मार्गिकेत राहतो, मध्ये येणारी वाहने देखावा अडवत नाहीत आणि, याहून कितीतरी महत्त्वाचे म्हणजे, थांब्याच्या जागी शिरताना व तेथून बाहेर पडताना समोरून येणारी मार्गिका छेदावी लागत नाही. देखावा पाहण्याच्या जागा बहुतांशी समुद्राच्याच बाजूला असतात. उलट दिशेने जाणाऱ्याला रस्त्याच्या मधोमध इंडिकेटर लावून उभे राहावे लागते, मागे रांग वाढत जाते, समोरून फट मिळत नाही, मागचा हॉर्न वाजवतो आणि मग चालक मिळेल त्या फटीत गाडी घालतो.

कॅलिफोर्नियात वाहने उजवीकडून चालतात आणि समुद्र पश्चिमेला आहे, म्हणून हायवे १ उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा. अमाल्फीचा किनारा दक्षिणाभिमुख आहे आणि वाहने तेथेही उजवीकडूनच चालतात, म्हणून पोझितानोकडून पूर्वेला व्हिएत्रीकडे जाणे सोयीचे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोड, जो पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधला आणि जो सुमारे २४३ किलोमीटर लांब आहे, तोही दक्षिण किनाऱ्यावरच आहे. परंतु तेथे वाहने डावीकडून चालत असल्याने टॉर्कीहून पश्चिमेकडे निघणे योग्य ठरते. अर्थात पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांवर दुपारनंतर थेट ऊन येते, म्हणून ही दिशा सकाळी लवकर निघणाऱ्याच्याच फायद्याची आहे.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे. आयर्लंडमधील १७९ किलोमीटरच्या रिंग ऑफ केरी या वर्तुळाकार मार्गावर पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. आयर्लंडमध्ये वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे आपला नियम लावला तर घड्याळाच्या दिशेने जायला हवे. पण तसे केल्यास अरुंद जागी प्रत्येक बस समोरासमोर येते, आणि उलट केल्यास दिवसभर बसच्या मागे धूर खात जावे लागते. मला यात तिसरा मार्ग पसंत आहे: दिशा बसचीच ठेवायची, पण त्या निघण्याच्या तासभर आधी निघायचे. दुसरा अपवाद उंचीची भीती असणाऱ्यांचा. समुद्राकडच्या मार्गिकेत सहप्रवाशाच्या खिडकीखाली थेट कडा दिसतो, आणि घाबरलेला सहप्रवासी जेव्हा दचकून ओरडतो तेव्हा चालकाचा हात हलतो. अशा वेळी डोंगराच्या बाजूची दिशा घेऊन थांबे निम्म्यावर आणावेत.

पायरी ३: रस्ता खुला आहे का आणि आपल्याला परवानगी आहे का, ते पाहा

किनारी रस्ता हा बहुधा ठिसूळ डोंगराच्या कुशीत कोरलेला असतो. खालून लाटा पायथा खातात, वरून पावसाचे पाणी माती सैल करते, आणि केव्हातरी दोन्हींची गाठ पडते. मे २०१७ मध्ये बिग सरजवळ मड क्रीक येथे डोंगराचा मोठा भाग हायवे १ वर घसरून समुद्रात गेला आणि तो भाग पुन्हा खुला व्हायला जुलै २०१८ उजाडला. चॅपमन्स पीकचा रस्ता दरडींमुळे २००० पासून जवळपास चार वर्षे बंद होता. आता तेथे टोल घेतला जातो आणि धोक्याच्या हवामानात तो तात्पुरता बंदही केला जातो. अशा रस्त्याला समांतर दुसरा रस्ता जवळपास नसतो. एक टप्पा बंद असेल तर आल्या वाटेने परत फिरून डोंगरापलीकडून मोठा वळसा घालावा लागतो, आणि ही गोष्ट फाटकापाशी पोहोचल्यावर कळणे फार महाग पडते. म्हणून आदल्या रात्री आणि निघण्याच्या सकाळी, असे दोनदा, त्या भागातील रस्ते खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्थिती पाहावी. मोबाइलमधील नकाशा चांगला असला तरी अखेरचा शब्द त्याचा मानू नये.

परवानगीचा मुद्दा वेगळा आहे. अमाल्फी किनाऱ्यावर २०२२ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसा सम-विषम क्रमांकांची पद्धत लागू केली जाते. गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक आणि त्या दिवसाची तारीख यांवरून आपल्याला रस्त्यावर येता येईल की नाही ते ठरते. इतर अनेक ठिकाणी थांब्याच्या जागेचे आरक्षण आधी करावे लागते. कॅम्परव्हॅन किंवा मागे जोडलेली गाडी असेल, तर रुंदीच्या व लांबीच्या मर्यादा वाचल्याशिवाय निघूच नये. स्कॉटलंडच्या नॉर्थ कोस्ट ५०० या मार्गावर, अॅपलक्रॉसकडे जाणाऱ्या बियालाख ना बा या ६२६ मीटर उंचीच्या खिंडीच्या तोंडाशी नवशिके चालक, अतिमोठी वाहने आणि कॅरव्हान यांनी येऊ नये असा फलक लावलेला आहे. तो फलक सल्ल्याच्या भाषेत असला तरी आज्ञा म्हणूनच वाचावा.

पायरी ४: गाडी तयार करा

येथे फार लिहिण्यासारखे नाही, पण चार गोष्टी किनाऱ्याशी विशेष संबंधित आहेत. पहिली काच. समुद्रावरून येणारे खारट तुषार काचेवर पातळ थर धरतात, जो सावलीत दिसतही नाही आणि सूर्य समोर आला की सगळी काच एकदम पांढरी करून टाकतो. म्हणून वायपरच्या टाकीत पाणी भरलेले असावे आणि काच आतूनही पुसावी. दुसरी ब्रेक. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते, त्यामुळे ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर कसा घ्यायचा हे भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्यावे. तिसरी इंधन: टाकी निम्म्यावर आली की भरावी, पाव होण्याची वाट पाहू नये. विजेच्या गाडीबाबत एक उलटा सल्ला आहे. चढाच्या माथ्यावरच्या मुक्कामी बॅटरी शंभर टक्के भरून उताराला लागू नये, कारण भरलेल्या बॅटरीत ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जा साठवायला जागा राहत नाही आणि ज्या मंद रोधाची सवय असते तो अचानक कमी जाणवतो.

चौथी गोष्ट नकाशाची. कड्यांच्या आडोशाला मोबाइलचे नेटवर्क मैलोनमैल नसते. संपूर्ण मार्गाचा नकाशा आधी उतरवून ठेवावा आणि ठरवलेले थांबे त्यावर खुणा करून ठेवावेत. थांब्याच्या अलीकडे सुमारे अर्ध्या किलोमीटरवरची एखादी ओळखीची खूणही, पूल, बोगदा, चर्च, जे असेल ते, लिहून ठेवावी, कारण पुढे सगळा खेळ त्या अर्ध्या किलोमीटरचा आहे.

पायरी ५: घड्याळाशी मैत्री करा

हंगामातील गर्दीला एक ठरलेली चाल असते. न्याहारी उरकून लोक निघतात, दहाच्या सुमारास पहिल्या प्रसिद्ध जागी पोहोचतात, दुपारी जेवणाच्या गावात अडकतात आणि सूर्यास्ताला पुन्हा एका प्रसिद्ध जागी गोळा होतात. या चालीच्या दीड-दोन तास पुढे राहिले की तोच रस्ता वेगळा वाटतो. उजाडताना निघावे आणि सर्वांत प्रसिद्ध जागा पहिली करावी, मग ती वाटेत जरा लांब असली तरी चालेल. दहाच्या आत दोन मोठ्या जागा पाहून झाल्या, तर उरलेला दिवस लहान, बिननावाच्या थांब्यांवर घालवता येतो, आणि खरे सांगायचे तर आठवणीत राहतात ते बहुधा हेच थांबे. दुपारी बारा ते चार या वेळेत गाडी चालवण्याऐवजी एकाच जागी उतरून चालावे, विसावा घ्यावा, जमल्यास झोपावे.

संध्याकाळी किती उजेड उरला आहे हे पाहण्याची जुनी युक्ती आहे. हात पूर्ण लांब करून आडवी बोटे सूर्य आणि क्षितिज यांच्या मध्ये धरावीत. प्रत्येक बोटामागे सुमारे १५ मिनिटे, म्हणजे चार बोटांचा एक तास. विषुववृत्तापासून फार दूरच्या प्रदेशांत सूर्य तिरका उतरतो, त्यामुळे तेथे वेळ थोडा अधिक मिळतो. सूर्याकडे टक लावून मात्र पाहू नये.

पायरी ६: वळणावर

वळणावरचा मूळ नियम एकच: जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात गाडी पूर्ण थांबवता आली पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तेथेच संपतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५ मीटर. ओल्या रस्त्यावर साठच्या घरात. तेच ताशी ४० वर सगळे मिळून २५-२६ मीटरमध्ये भागते. आंधळ्या वळणावर अनेकदा ३० मीटरच रस्ता दिसतो आणि त्यापलीकडे कोणीतरी गाडीचे दार उघडून छायाचित्र काढत उभा असण्याची शक्यता हंगामात भरपूर असते. एकेरी रुंदीच्या रस्त्यावर समोरचाही तुमच्याकडे येत असतो, म्हणून तेथे दिसणाऱ्या रस्त्याच्या निम्म्या अंतरात थांबता यायला हवे. आणि या सावधगिरीची किंमत किती, तर २० किलोमीटरच्या टप्प्यावर ताशी ५० ऐवजी ४० ने गेल्यास सहा मिनिटे.

ब्रेक वळणाआधी, सरळ भागात लावावा. वळणात शिरल्यावर नजर चाकापुढे न ठेवता वळण जेथे सुटते तेथे न्यावी, कारण गाडी नजरेमागे जाते. कड्याच्या बाजूला असताना भीतीने मधल्या रेषेकडे सरकण्याचा मोह होतो. हा मोह बहुतेकांना होतो आणि समोरच्यालाही डोंगराची भीती वाटून तोही मध्येच येतो. आपल्या मार्गिकेच्या मधोमध राहण्याची खात्री करायची असेल, तर बाजूच्या आरशात कडेची रेषा अधूनमधून पाहावी. वळणावर बहिर्गोल आरसा लावलेला असल्यास तो वापरावा, मात्र त्यातील वाहन वाटते त्याहून जवळ असते.

लांब बसला तीव्र वळण घेताना समोरची मार्गिका वापरावीच लागते. तो तिच्या चालकाचा उद्धटपणा नव्हे, चाकांमधील अंतराचा परिणाम आहे. पुढील वळणावर बसचे नाक दिसताच वळणाच्या अलीकडेच, सरळ भागात थांबावे. वळणात अडकून समोरासमोर आल्यावर कोणी मागे जायचे याचा वाद सुरू होतो आणि तोवर दोघांच्याही मागे रांगा लागलेल्या असतात. अनेक देशांत अरुंद चढावर वर येणाऱ्याला प्राधान्य असते, पण ज्याच्या मागे जवळ मोकळी जागा आहे त्याने मागे जाणे अधिक शहाणपणाचे. सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे. तेवढे मिळत नसेल तर त्याच्या मागे सावकाश जावे. समुद्रावरचा वारा कड्याच्या आडून बाहेर पडताच त्याला एकाएकी ढकलतो, हे काचेआड बसलेल्याला कळत नाही.

पायरी ७: मागे रांग लागली तर

सावकाश जाण्यात गैर काही नाही. मागच्यांना अडवून ठेवण्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हे स्पष्टच लिहिले आहे: दोन मार्गिकांच्या रस्त्यावर ओलांडून जाणे असुरक्षित असेल आणि सावकाश जाणाऱ्या वाहनामागे पाच किंवा अधिक वाहने साचली असतील, तर त्या वाहनाने पुढच्या सुरक्षित जागी बाजूला व्हावे. कायदा नसेल तेथेही हा आकडा मनात ठेवावा. मी तर तीन झाल्या की बाजूला होतो. घाईत असलेला स्थानिक माणूस मागे चिकटून येत असेल, तर त्याला धडा शिकवण्यापेक्षा त्याला पुढे सोडणे आपल्याच हिताचे आहे, कारण त्याला प्रत्येक वळण पाठ आहे आणि आपल्याला एकही नाही.

स्कॉटलंडसारख्या ठिकाणी एकेरी रुंदीच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने फलक लावलेल्या रुंद जागा असतात. त्या आपल्या डावीकडे असतील तर आत घ्यायचे, उजवीकडे असतील तर त्यांच्यासमोर आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला त्यात शिरू द्यायचे. या जागी गाडी लावून समुद्र पाहायला जाऊ नये. दोन-तीन लागोपाठच्या जागा अशा अडल्या की सगळा रस्ता तुंबतो, आणि त्यात रुग्णवाहिकाही असू शकते.

पायरी ८: थांबणे

आता मुख्य विषय. थांब्याचा निर्णय थांब्यापाशी पोहोचल्यावर घ्यायचा नसतो. आधी लिहून ठेवलेली खूण दिसताच सहप्रवाशाने सांगावे, चालकाने आरशात पाहावे, इंडिकेटर लावावा आणि वेग हळूहळू कमी करावा, म्हणजे मागच्याला दोन-तीनशे मीटर आधी आपला बेत कळतो. जागा चुकून पुढे गेली तर ती गेली. ब्रेक दाबू नये, गाडी मागे घेऊ नये, वळणाजवळ उलटी वळवू नये. पुढची जागा घ्यावी, किंवा खरोखरच मोकळी, दोन्ही बाजूंनी दूरवर दिसणारी जागा आल्यावर परत फिरावे. हा नियम निघण्यापूर्वी गाडीतल्या सर्वांना सांगून ठेवावा, कारण "अरे, थांब, थांब!" हे दोन शब्द किनारी रस्त्यावरचे सर्वांत धोकादायक शब्द आहेत.

वाहनतळ भरलेला असेल तर रस्त्यावर रांगेत थांबू नये. एखादी गाडी निघेल या आशेने मार्गिकेतच उभे राहणाऱ्या चार गाड्या दोन किलोमीटरची कोंडी करतात. एक फेरी मारावी. जागा नसल्यास निघावे आणि ती जागा संध्याकाळच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या यादीत टाकावी. बिग सरचा बिक्सबी पूल हे याचे ठळक उदाहरण आहे: १९३२ साली खुला झालेला हा पूल इतका छायाचित्रित झाला आहे की त्याच्या तोंडाशी असलेली छोटीशी जागा दिवसभर ओसंडत असते आणि लोक चक्क मार्गिकेत गाड्या सोडून उतरतात. पहाटे तेथे तोच पूल असतो, फक्त माणसे नसतात.

जागा मिळालीच, तर गाडी शक्य तेथे मागून आत घ्यावी, म्हणजे निघताना नाक रस्त्याकडे राहते आणि येणारी वाहने दिसतात. चारही चाके रेषेच्या आत असावीत. एक चाक बाहेर राहिले तरी बस अडते. कडेची माती घट्ट दिसते पण पावसाने आतून पोखरलेली असते, म्हणून गवतावर किंवा कठड्याबाहेरच्या पट्टीवर चाक नेऊ नये. उतारावर हँडब्रेक लावून पुढची चाके डोंगराच्या बाजूला वळवून ठेवावीत. रस्त्याच्या बाजूचे दार उघडण्याआधी आरसा पाहावा आणि मुलांना दुसऱ्या दाराने उतरवावे. पिशव्या उतरण्याच्या जागी डिकीत टाकू नयेत. ज्याला चोरी करायची असते तो तेथेच बसून पाहत असतो. जे लपवायचे ते मागच्या मुक्कामीच लपवून निघावे.

उतरल्यावरचा धोका पायी चालणाऱ्याचा. छायाचित्राच्या चौकटीत गाडी, कठडा आणि समुद्र एकत्र बसवण्यासाठी माणूस मागे मागे सरकतो आणि मार्गिकेत जातो. कड्याच्या टोकाशी जमीन अनेकदा खालून कोरलेली असते, त्यामुळे उभे राहिल्यावर पायाखाली खडक आहे की नुसती गवताने धरलेली माती, हे वरून समजत नाही. कुंपण असेल तर त्याच्या आतूनच पाहावे.

पायरी ९: वाळू आणि भरती

काही ठिकाणी थेट पुळणीवर गाड्या नेता येतात आणि काही बेटांचे रस्तेच ओहोटीला उघडे पडतात. इंग्लंडच्या ईशान्येला लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, सुरक्षित वेळांचे तक्ते लावलेले असतात, आणि तरीही गाड्या अडकतात. कारण बहुतेकांचा तर्क असा असतो की काल याच वेळी येथे कोरडे होते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याभरापूर्वी ज्या वेळी ओहोटी होती त्याच वेळी आज भरती असू शकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि पाणी नेहमीच्या रेषेपलीकडे चढते. शिवाय पाणी एकसारखे चढत नाही. सहा तासांच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मे पाणी येते, त्यामुळे पहिले दोन तास पाहून बांधलेला अंदाज चुकतो. त्या जागेचा, त्या दिवसाचा तक्ता पाहिल्याशिवाय वाळूवर चाक नेऊ नये. ओल्या वाळूत गाडी रुतली तर एक्सलेटर दाबून चाके फिरवत राहू नये, ती खोलच जातात; आधी माणसे उतरवून कोरड्यावर पाठवावीत आणि मग मदत मागावी.

पायरी १०: धुके, वारा आणि अंधार

उबदार दमट हवा थंड पाण्यावरून येते तेव्हा समुद्री धुके तयार होते, आणि म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ते ऐन उन्हाळ्यात, म्हणजे हंगामातच येते. एका वळणावर लख्ख ऊन आणि पुढच्या वळणावर पांढरी भिंत, असा प्रकार घडतो. धुक्यात हेडलाइट खाली करावेत. वरचा झोत धुक्यावर आदळून परत डोळ्यांत येतो. धुके आले म्हणून मार्गिकेतच थांबणे सर्वांत वाईट. सावकाश चालत राहावे आणि पहिल्या मोकळ्या जागी पूर्ण बाहेर पडून थांबावे. पुलांवर आणि खिंडीच्या तोंडाशी आडवा वारा एकदम लागतो, म्हणून तेथे दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत. उंच गाडीला हा धक्का अधिक बसतो. रात्री या रस्त्यावर पाहण्यासारखे काहीच नसते आणि धोके मात्र सगळे तसेच असतात, त्यामुळे अंधारात नुसते अंतर कापायचे असेल तर आतल्या भागातला मोठा रस्ता घ्यावा.

गाडी लागण्याचाही येथेच विचार करावा, कारण किनारी रस्ता पोट ढवळण्यात कोणत्याही घाटाला हार जात नाही. कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल सांगत असतो आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सारे स्थिर असल्याचे सांगत असतात, त्या विसंगतीतून मळमळ होते. ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवावे, नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी. गोळी घ्यायची असल्यास डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या आधी घ्यावी, आणि चालकाने ती मुळीच घेऊ नये, कारण अशा अनेक गोळ्यांनी झोप येते.

पायरी ११: परतताना

सूर्य बुडताच शेकडो लोक एकाच क्षणी गाड्यांकडे वळतात आणि वाहनतळाच्या एकाच तोंडातून बाहेर पडू लागतात. या वेळी चालक थकलेले असतात, डोळे अजून अंधाराला सरावलेले नसतात आणि रस्त्यावर पायी चालणारेही पुष्कळ असतात. एकतर सूर्यास्ताच्या वीस मिनिटे आधी निघावे, नाहीतर पाऊण तास तेथेच बसावे. मला दुसरे आवडते. सूर्य गेल्यावरचे आकाश बहुतेक लोक गाडीच्या रांगेत बसून चुकवतात. मुक्काम जवळ, वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत ठेवला असेल तर हे सहज जमते.

पोहोचल्यावर काच पुन्हा पुसावी आणि प्रवास संपल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी. वरून धुणे पुरेसे नाही. मीठ आणि वाळू चाकांच्या कमानीत आणि तळाशी बसते, आणि पुळणीवर गाडी नेली असेल तर तो भाग त्याच दिवशी धुतलेला बरा.